दोनशे पाचचा ठिपका

माझ्या घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही. कोल्हापुरात खोली शोधत फिरत होते त्या पंधरवड्यात हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत यायचाच. नाव सांगितलं की "पुढं?" आणि पुढचं सांगितलं की घरातल्या बाईंना एकदम आठवायचं, खोलीचा शब्द कालच कुणाला तरी देऊन झालाय. माझे वडील इतके सरावले होते की शेवटी शेवटी ते दारात चपला पूर्ण काढतच नसत. रंकाळ्याच्या मागच्या गल्लीतल्या या घराचं दार मात्र एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं उघडलं आणि वडिलांना विचारलं, "पावणं, गाव कुठलं?"

"गारगोटीजवळ."

"एकशे चौऱ्याण्णव," म्हातारा म्हणाला.

वडिलांना वाटलं, खोलीचे चौरस फूट सांगतोय. त्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्यानं हात लांब करून जिन्याच्या पलीकडे बोट रोखलं. "हितनं सरळ सुटलासा आणि मधी काय आडवं आलं न्हाय, तर नेमकं तुमच्या गावात पोचतासा. एकशे चौऱ्याण्णव अंश. कवा येतीस ऱ्हायला, पोरी?"

एवढ्यावर मला खोली मिळाली. सामान लावताना मी बुद्धाची तसबीर हातात घेऊन उभी होते. ती बघून काय म्हणतील याची धाकधूक होतीच. ते वर आले, तसबिरीकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं. "पूर्वेच्या भिंतीला लावशील तर समोरच्या खिडकीतनं दुपारचं ऊन थेट पडंल, चित्र पांढरं हुईल. उत्तरेला लाव." मग खिशातून एक पितळी खिळा काढून दिला. लोखंडी खिळा या घरात चालत नव्हता. का, ते नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त सुटकेचा श्वास टाकला आणि उत्तरेच्या भिंतीला तसबीर लावली.

मी त्यांना काका म्हणायचे. सगळा जन्म त्यांनी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून काढला होता. लोकांच्या शेतांचे बांध, गावांच्या शिवा, नकाशे, साखळ्या आणि होकायंत्र. होकायंत्राला ते लाडानं 'होका' म्हणत. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शाल-श्रीफळ दिलं, पण डोक्यातले अंश काही परत मागून घेतले नाहीत. त्यामुळे ते सगळे अंश घरात आले आणि काकूंच्या वाट्याला.

या घरात 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' हे शब्द बोलायची बंदी होती. "डावं-उजवं माणसागणिक फिरतंय," काका म्हणत. "तू तिकडं तोंड केलंस की तुझं उजवं माझं डावं. उत्तर कुणासाठी फिरत न्हाय." मीठ कुठे ठेवलंय विचारलं तर "आग्नेयेच्या फळीवर." एका लग्नात पंगतीत वाढप्याला त्यांनी "आमटी वायव्येला वाढ" असं सांगितलं आणि तो बिचारा पातेलं घेऊन मांडवाच्या टोकाला गेला. रिक्षात बसले की "हितनं साठ अंशाला घे." एक रिक्षावाला मागे वळून म्हणाला होता, "काका, माझ्या रिक्षाला हँडल हाय, चकती न्हाय."

मी यायच्या आधी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. तो किस्सा काकूंनी मला निदान चार वेळा सांगितला आणि चारही वेळा मी तितकीच हसले. दवाखान्यात नवख्या डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतंय? काका खाटेवर उताणे, घामानं डबडबलेले, म्हणाले, "वायव्येला." डॉक्टर काकूंकडे बघायला लागला. तेवढ्यात वॉर्डबॉयनं स्ट्रेचर वळवून दाराकडे नेलं, तर काकांनी कळवलं, "आता नैऋत्येला." काकू इतक्या घाबरलेल्या असूनही त्यांना राहवेना. "दिशा फिरत न्हाय म्हणता न्हवं? मग ही कशी फिरली?"

काकांनी दात आवळून उत्तर दिलं, "दिशा हाय तितंच हाय. पोट फिरलं."

असल्या माणसाचा राग तरी किती धरायचा? पण मी धरायचे. मी गावोगावच्या पाणीयोजनांचे आराखडे करणाऱ्या एका खाजगी कचेरीत होते. दिवसभर संगणकावर नकाशे उघडायचे, टाकीपासून नळापर्यंत रेघा ओढायच्या. काकांच्या लेखी हे काम नव्हतंच. "पायाला चिखल न लागता काढलेला नकशा," असं ते म्हणत आणि पुढचं वाक्य बोलायचं टाळून नुसती मान हलवत. ती मान मला जास्त झोंबायची.

गच्चीवर छातीएवढ्या उंचीचा एक विटांचा खांब होता. त्याला गिलावा केलेला, वरती गुळगुळीत फरशी. हा काकांचा देव्हारा. रोज सकाळी त्यावर होका ठेवून ते चारी बाजूंचे डोंगर तपासत, जणू रात्रीत एखादा सरकला असेल. गच्चीला लोखंडी कठडा नव्हता, लाकडी होता. पाण्याची टाकी प्लॅस्टिकची. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी लाकडी खुंटी, आणि तिथे कुणीही पोचलं की वरून हाक यायची, "लोखंड खाली!" मग किल्ल्या, छत्री, डबा, सगळं खुंटीला अडकवून वर जायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या केसांकडे बघून विचारलं, "त्या पिना कशाच्या हायत?" मी सगळ्या पिना काढल्या, ओढणीची सेफ्टी पिनसुद्धा काढली आणि झिंज्या मोकळ्या सोडून वर गेले. "होका खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले, "पर लोखंडाच्या संगतीला बसला की हमखास बिघडतोय."

या सगळ्याला काकू कंटाळल्या होत्या का? पाटी सोडली तर नसाव्यात. दाराच्या आत शाळेतली एक दगडी पाटी टांगलेली असे. बाहेर जाताना काका त्यावर कुठे चाललोय ते लिहून जात, म्हणजे अर्थातच आकडा लिहून जात. तीनशे सत्तावीस म्हणजे जोतिबा. सत्तर म्हणजे कोपऱ्यावरची चहाची टपरी. असे नेहमीचे दहा-बारा आकडे काकूंना पाठ झाले होते. पण आकडा नवा असला की त्या पाटीसमोर उभ्या राहायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

"माझ्या भावाच्या छातीत कळ आलती," एकदा भाजी निवडताना त्यांनी सांगितलं. "निरोप आला. ह्ये घरात न्हाईत. पाटीवर एकशे अठरा. आता एकशे अठरा म्हंजी कुठं, कुणाला विचारू? गल्लीतनं येडीवानी हिंडले. शेजारी हसाय लागले. शेवटी मी एकलीच दवाखान्यात गेले." भाऊ वाचला, ते वेगळं. "माणसानं कुठं चाललोय ते तोंडानं सांगावं की. आकड्याला भाकरी कुठं न्हेऊन देऊ मी?" काकांना त्या हे कधी म्हणाल्या नसाव्यात. मला म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या.

आता ठिपक्याविषयी सांगायला हवं. काकांच्या खोलीत फळीवर चिकटवलेला जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. आमच्या घराच्या जागी एक पितळी टाचणी, आणि तिच्यापासून निघालेले रंगीत दोरे. एकेक दोरा गच्चीवरून दिसणाऱ्या एकेका ठिकाणाला बांधलेला. पण एक लाल दोरा मोकळा होता. तो दोनशे पाच अंशाच्या रेघेनं नैऋत्येकडे जायचा आणि नकाशाच्या काठावरून खाली लोंबायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला त्या बाजूच्या लांबच्या डोंगरावर काहीतरी चमकायचं. पाच-सात मिनिटं लखलखायचं आणि विझायचं. ते काय आहे हे काकांना बरीच वर्षं कळलं नव्हतं. सगळा जिल्हा पायाखाली घातलेल्या माणसाला रोज सकाळी कुणीतरी डोळा मारावा आणि नाव सांगू नये, असा तो प्रकार होता.

मला त्यांनी एकदाच, तेही मोठ्या नाखुशीनं, विचारलं होतं, "तुझ्या यंत्रात दिसतंय का बघ." मी लॅपटॉपवर घरापासून दोनशे पाचची रेघ ओढली. उपग्रहाच्या चित्रात त्या रेघेवर शेकड्यानं पत्रे होते. गोठे, शाळा, पोल्ट्र्या. "एका रेघेवर नाही सापडायचं, काका. दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ हवी. दोन्ही जिथे कापतील तिथे तुमचा ठिपका."

"ते मला शिकवू नगो," ते म्हणाले.

"मग जाऊन विचारा ना त्या बाजूला कुणाला तरी."

"मोजणीदारानं वाट विचारायची?"

त्यावर मी चिडून म्हणाले, "मग तो ठिपका तुमच्या चष्म्यावरचाच असेल." हे वाक्य मी नंतर फार दिवस मनात उगाळलं. बोलायला नको होतं.

डिसेंबरातला एक शनिवार. मला सुट्टी होती. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तेव्हा पाटीवर दोनशे पाच लिहिलेलं होतं. मी बघितलं आणि माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. साडेबाराला काकू वर आल्या, काका जेवायला आले नाहीत म्हणून. दोनला परत आल्या. गोळी घेऊन गेले नाहीत, म्हणाल्या. काकांना साखरेचा आजार होता, जेवणाची वेळ चुकली की हातपाय कापायला लागत. फोन लागत नव्हता. तो फोनही साधा, बटणांचा. नकाशावाला फोन त्यांनी कधी घेतलाच नव्हता. "मी कुठं हाय ते त्यो डबा मला सांगणार?" असं त्यांचं म्हणणं.

सव्वातीनला माझा फोन वाजला.

"लिही," पलीकडून काकांचा आवाज.

"काका? कुठे आहात तुम्ही? काकू इथे..."

"लिही म्हणतोय न्हवं! ब्याटरीची एकच काडी उरलीया. जोतिबाचा डोंगर, तीस. खालच्या अंगाला कारखान्याची चिमणी, धूर सोडतीया ती, एकशे चौतीस. लिवलंस? आता मी कुठं हाय ते काढ."

पाय घसरून ते घळीत पडले होते. घोटा सुजला होता, उभं राहता येत नव्हतं. रेंज मिळेल तिथपर्यंत बसल्या बसल्या सरपटत आले होते. गाव कुठलं, विचारलं तर म्हणाले, "गाव असतं तर तुला कशाला फोन केला असता?" कुठल्या फाट्यावर एस.टी.तून उतरलात, विचारलं तर फाट्याची पाटी वाचली नव्हती. उतरले, होका लावला आणि रानातून सरळ चालत सुटले. चार तास. त्या डोंगरांत गवे असतात हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. सूर्य मावळायला पावणेतीन तास होते.

मी लॅपटॉप उघडला. काकू माझ्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसल्या. जोतिबाच्या डोंगरावर खूण केली, त्या बाजूच्या एकुलत्या एका साखर कारखान्याच्या चिमणीवर खूण केली. उसाच्या गळिताचा हंगाम होता म्हणून काकांना चिमणी धुरानं ओळखू आली, नाहीतर तीही दिसली नसती. दोन्हीकडून उलट्या दिशेनं रेघा ओढल्या आणि त्या जिथे कापल्या तिथे चित्र मोठं केलं. भोवती उसाची रानं, आणि मध्ये पाणी.

मी फोन लावला. "काका, तुम्ही नदीत आहात."

"डोंगरावर हाय मी! खाली नुसती दरी हाय."

"मग आकडे चुकलेत."

"आकडं चुकत न्हाईत. तुझं यंत्र चुकतंय."

एरवी मी गप्प बसले असते. पण काकूंचा हात माझ्या पाठीवर होता. मी ओरडले. "काका, यंत्र तुमच्याच आकड्यांवर चाललंय! होका कशावर ठेवलाय ते सांगा."

"कट्ट्यावर. दगडी हाय. हलायला नगो म्हणून ठेवलाय."

"कसला कट्टा?"

"देवाचा. म्हसोबा असंल, शेंदूर हाय."

आमच्या भागातल्या माळांवरचे असे देव मी लहानपणापासून बघितलेत. नवस फिटला की लोक काय आणून रोवतात तेही बघितलंय. मी विचारलं, "आणि देवाच्या भोवती काय आहे?"

मला वाटलं फोन गेला. मग अगदी हळू, गच्चीवरच्या माणसाचा वाटूच नये अशा आवाजात ते म्हणाले, "त्रिशूळ हायत."

"किती?"

"लई हायत की गं."

"लोखंड खाली, काका," मी म्हणाले.

ते हसले नाहीत, मीही नाही. मी त्यांना कट्ट्यापासून लांब व्हायला सांगितलं, जमेल तेवढं लांब. फोन चालूच होता. दगडांवरून अंग ओढत नेल्याचा आवाज, मध्येच एक कण्हणं, परत ओढल्याचा आवाज. काकूंनी पदर तोंडात धरला होता. केवढा वेळ गेला कोण जाणे. मग ते धापा टाकत म्हणाले, "चिमणी. एकशे दहा. एकशे दहा, आयकलंस? जोतिबा..."

आणि फोन बंद पडला.

परत लावला, बंद. परत लावला, बंद. माझ्याकडे आता एकच खरी रेघ होती, चिमणीपासून निघून पश्चिमेला डोंगरांत शिरणारी. तिच्यावर एकामागे एक डोंगरांच्या तीन लांब धारा होत्या. कुठल्या धारेवर माणसं पाठवायची? चुकीच्या डोंगरावर गेली तर अंधार पडणार, आणि मग सकाळपर्यंत कुणी तिथे पाय ठेवणार नाही. एका रेघेवर सापडत नाही, हे मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मी स्क्रीनकडे बघत बसले. काकू उठून खाली गेल्या. मला वाटलं देवापाशी गेल्या असतील. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात दारातली पाटी होती.

"ह्याच्यावर दोनशे पाच लिवलंय," त्या म्हणाल्या. "त्या लोंबत्या दोऱ्याचा आकडा न्हवं ह्यो? ह्ये ठिपका हुडकाय गेल्यात."

"काकू, पण ते आता तिथेच असतील कशावरून? पडलेत, सरपटलेत..."

"रेघ सोडून ह्ये कुठं जायाचे न्हाईत. जलम गेला माझा त्येंच्यासंगं. मला ठावं हाय."

त्या क्षणी मला काकूंपुढे लाज वाटली. ज्या पाटीनं त्यांना इतकी वर्षं छळलं, तिच्यावरचा आकडा त्यांनी वाचला होता. मी, जिला सगळं कळतं, ती सकाळी त्याच पाटीसमोरून दुधाची पिशवी घेऊन गेले होते.

मी आमच्या गच्चीवरून दोनशे पाचची रेघ ओढली. ती निघाली, नदी ओलांडून गेली, पहिली धार सोडली, आणि मधल्या धारेच्या माथ्यावर चिमणीच्या रेघेला जाऊन कापली. मी चित्र मोठं करत गेले. तांबूस माळ, खुरटी झुडपं, आणि त्यात एकच लहानसा पांढरा चौकोन. पत्रा. नव्वद उंबऱ्यांचं गाव खाली दोन किलोमीटरवर होतं आणि त्याचं नावही नकाशावर होतं.

मी वडिलांना फोन केला. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचे विद्यार्थी कुठे नसतात? तीन फोन करून त्यांनी त्या गावातल्या दूध डेअरीच्या सेक्रेटरीचा नंबर मिळवला. साडेचार वाजत आले होते, डेअरीवर संध्याकाळच्या दुधाला माणसं जमायला लागली होती. फोनवर मागे किटल्यांचा खणखणाट चालला होता. सेक्रेटरी मोठ्यानं म्हणाला, "माणसं हायत की, बाई, आत्ता जातो. पर आमच्या डोंगराव म्हसोबा तीन हायत. कुठला म्हणायचा?"

"ज्याच्यावर चमकणारा पत्रा आहे तो."

"हां, पत्र्याचा व्हय! त्यो आमीच घाटलाय. सकाळी नुसता झळाळतोय बघा." आणि त्यानं तिथूनच कुणाला तरी हाक मारली, "ए, किटली ठेव खाली, घोंगडं घे!"

त्यानंतर आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. काकूंनी पाटी मांडीवर उपडी ठेवली होती. खिडकीतलं ऊन समोरच्या पूर्वेच्या भिंतीवर चढलं होतं. मी चहा केला, तो कुणी प्याला नाही. सहाला दहा कमी असताना फोन वाजला आणि मला तो उचलवेना. काकूंनी उचलला. त्यांना स्पीकर लावता येत नव्हता, पण सेक्रेटरीचा आवाज असा होता की खोलीभर ऐकू आला.

"गावलं ओ तुमचं म्हातारं! बरं हाय. पाय तेवढा गेलाय. गूळ-शेंगा दिल्यात, खातंय. आणि आमालाच इचारतंय, कितीच्या अंशानं वर आलासा म्हणून!"

काकू आधी हसल्या आणि मग रडल्या. मी उलट केलं. आधी रडले. आयुष्यात मी पुष्कळ निकालांची वाट बघितलीय, पण छातीवरचं ओझं असं एकदम उतरल्याचं मला दुसरं आठवत नाही. खाली जाऊन मी शेजारच्या घरात विनाकारण सांगून आले की काका सापडले. त्यांना हरवल्याचंच माहीत नव्हतं.

घोंगड्याच्या झोळीतून त्यांना खाली आणलं आणि दुधाच्या टेम्पोतून आठच्या सुमाराला घरी पोचवलं. चालकाशेजारी काका बसलेले, मांडीवर होका. काकू दारात उभ्या होत्या. त्या काकांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेल्या. काका माझ्या नजरेला नजर देत नव्हते. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "उंद्यापास्नं पिना घालून वर गेलीस तरी चालंल."

दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्यावर त्यांनी मला नकाशापाशी बोलावलं आणि एक नवी पितळी टाचणी माझ्या हातात दिली. मी ती मधल्या धारेवर टोचली. लोंबणारा लाल दोरा त्यांनी स्वतः ओढून घेतला, गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं. "म्हसोबाचा पत्रा," ते म्हणाले, "एवढ्यासाठी." पण थंडीभर रोज सकाळी आठला ते नैऋत्येच्या खिडकीशी खुर्ची नेऊन बसत, आणि तो चमकला की हात वर करत. ओळखीच्या माणसाला करावा तसा.

पाटी मात्र महिनाभर तशीच होती. दोनशे पाच. काकूंनी ती परत दारात टांगली होती आणि पुसली नव्हती. येता-जाता काकांना ती दिसायची.

ती खोली सोडून मला आता काही वर्षं झाली. अजूनही फोन केला की काका आधी विचारतात, "तोंड कुठं करून बसलीस?" आणि मी उठून खिडकीबाहेर बघून सांगते, "ईशान्येला, काका." पण त्या घराची आठवण म्हणून मी जपलंय ते याहून साधं आहे. प्लास्टर काढल्यानंतरची एक सकाळ. मी आणि काकू मंडईतून परत आलो. खुर्ची रिकामी होती, काठी नव्हती, दार नुसतं लोटलेलं. काकूंच्या हातातली पिशवी तिथेच खाली बसली. त्या पाटीकडे वळल्या, आणि मीही.

पाटी स्वच्छ पुसलेली होती. तिच्यावर मोठ्या, मोजणीखात्याच्या रेखीव अक्षरांत लिहिलं होतं: 'कोपऱ्यावर चहाला जातोय. अर्ध्या तासात येतो. काळजी करू नको.' आणि अगदी खाली, कुणाला दिसू नये अशा बारीक अक्षरात, ७०.

काकूंनी ते सगळं बोट ठेवून वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"कोपऱ्यावर गेल्यात व्हय," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून भाजी निवडायला बसल्या.